अळंबीची परीक्षा नाण्याने होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी रानभाज्यांवर पानभर मजकूर आला होता. टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळे यांची माहिती नीट होती. शेवळात काकडाची फळे घातली नाहीत तर घसा खवखवतो, हेही लिहिणाऱ्याने आठवणीने सांगितले आहे. माझी तक्रार आहे ती त्याच पानाच्या कोपऱ्यातल्या अळंबीच्या चौकटीबद्दल. विषारी अळंबी घरच्या घरी कशी ओळखावी, याच्या सूचना तिथे दिल्या आहेत. रंगीत असेल ती विषारी आणि पांढरी ती खाण्याची. शिजवताना चांदीचे नाणे टाकावे, ते काळे पडले तर भाजी फेकावी. किड्यांनी, गोगलगाईंनी कुरतडलेली अळंबी निर्धोक. मीठ-हळदीच्या पाण्यात उकळली किंवा उन्हात वाळवली की विष उतरते. यातली एकही सूचना खरी नाही. टाकळ्याबद्दल चुकीचे छापले असते तर एखाद्याची भाजी बिघडली असती. इथे माणूस दगावू शकतो, म्हणून हे पत्र.

मी दोडामार्ग तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. यजमानांची माडा-पोफळींची लहानशी बाग आहे, बागेच्या वरच्या अंगाला रान आहे आणि त्या रानात वारुळे आहेत. गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर असल्याने वारुळाला डिचोली-सत्तरीकडचा रोयण हा शब्द आमच्याकडेही चालतो. आषाढ सरत आला, पावसाने मधूनमधून उघडीप दिली आणि उकाडा वाढला की या रोयणींच्या अंगावर नि आसपास अळंबी फुटते. तीच ती पानात बांधून रस्त्याकडेला विकायला येते आणि गोव्याची गाडी थांबली की मटणाच्या भावालाही मागे टाकते.

आधी रंगाचे बोलते. आमच्या शाळेच्या मैदानावर पहिल्या मोठ्या पावसानंतर गवतात टपोऱ्या पांढऱ्या छत्र्या यायच्या. टोपीवर तपकिरी खवले, देठावर कडे, दिसायला कुठल्याही महागड्या हॉटेलच्या ताटात शोभतील अशा. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. हिरवळ, मैदाने, बंगल्यांची लॉन हीच तिची जागा, म्हणजे पुण्या-मुंबईच्या वाचकाला अळंबी दिसली तर ही दिसण्याचा संभव मोठा. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब, तेही असे की सलाइन लावायची वेळ यावी. कोवळेपणी तिच्या टोपीखालचे पडदे पांढरेच असतात, ती वयात आली की ते हिरवट होऊ लागतात. आपल्या चौकटीच्या नियमाने ही पांढरी म्हणून पास! आणि जगातल्या सर्वांत घातक अळंब्यांपैकी काही, अमानिता कुळातल्या, शुभ्र पांढऱ्या असतात. उलट भडक पिवळ्या-केशरी रंगाच्या कितीतरी जाती जगभर लोक आवडीने खातात.

नाण्याचे सांगायचे तर चांदी काळी पडते ती गंधकाच्या काही संयुगांनी. उकडलेल्या अंड्यात चांदीचा चमचा ठेवला तरी तो काळवंडतो, म्हणून अंडे काही विषारी ठरत नाही. अळंबीतल्या जीवघेण्या विषाने नाणे काळे पडत नाही. लसणीची पाकळी काळी पडते, तांदूळ लाल होतात, वगैरे याच जातीच्या गोष्टी. आमच्या वाडीत अळंबी विकणारी एक काकी आहे. तिला मी आपली चौकट वाचून दाखवली. ती म्हणाली, "घरात चांदीचा नाणा असता तर अळमी इकूक कशाक बसलंय असतंय?"

किड्यांचाही भरवसा नाही. गोगलगाईचे शरीर आणि आपले शरीर वेगळे. फळमाश्यांच्या काही जातींच्या अळ्या तर विषारी अमानितातच वाढतात, त्यांना ते विष बाधत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे, उकळण्याचे. आपल्या सूचनांतली ही मला सर्वांत भयंकर वाटली, कारण वाचणाऱ्याला वाटणार, शंका असली तरी चालेल, दोन पाणी काढून टाकू. अमानिता कुळातल्या घातक जातींत अमाटॉक्सिन नावाचे विष असते. ते उकळून जात नाही, तळून जात नाही, वाळवून वा गोठवूनही जात नाही. आपल्या पेशीत जनुकातली सूचना उतरवून घेणारे एक विकर असते, त्यालाच हे विष अडवते. सूचना उतरली नाही की नवी प्रथिने बनत नाहीत आणि पेशी मरते. सगळ्यांत आधी मार बसतो यकृताला, कारण आतड्यातून शोषलेले विष तिथेच पोचते. तिथून ते पित्तावाटे पुन्हा आतड्यात येते, पुन्हा शोषले जाते.

आणि हे विष लबाड आहे. रात्री जेवलेल्या माणसाला रात्री काहीच होत नाही. सहा तासांनी, बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा उलट्या-जुलाब सुरू होतात. घरच्यांना वाटते, दुपारचे काहीतरी बाधले. मग एक-दोन दिवसांत माणूस सुधारल्यासारखा दिसतो, पेज मागतो. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, बेशुद्धी. म्हणून वाचकांना सांगायचे ते हे: रानातली अळंबी खाल्ल्यावर त्रास झाला, आणि विशेषतः तो सहा तासांनंतर सुरू झाला, तर थोडे बरे वाटले म्हणून घरी थांबू नये. ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे. आमच्याकडचे गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात. जाताना उरलेली भाजी, टाकलेली देठे, जे हाती लागेल ते बरोबर न्यावे आणि त्याच ताटातली भाजी खाल्लेल्या सगळ्यांना न्यावे, मग त्यांना काही होत असो वा नसो. याला हमखास उतारा नाही. लवकर पोचलेल्यांना डॉक्टर वाचवू शकतात, उशीर झालेल्यांना कधी यकृत बदलण्यावाचून मार्ग उरत नाही.

हे दूरचे वाटत असेल तर 2022 सालचा एप्रिल आठवावा. आसामात रानातली अळंबी खाऊन काही दिवसांच्या अंतराने 13 माणसे गेली. त्यांत चहामळ्यांवरची कुटुंबे होती. पिढ्यान्‌पिढ्या अळंबी खात आलेली माणसे होती ती, शहरातून हौसेने रानात गेलेली नव्हती.

मग प्रश्न येतो की आमच्या बायका इतकी वर्षे खातात आणि विकतात त्या कशाच्या जोरावर. तर, विष ओळखण्याची कुठलीच युक्ती त्यांच्याकडे नाही. त्या अळंबी ओळखतात, तीसुद्धा एकदोनच जाती, आणि ओळख पटली नाही की हात लावत नाहीत. काकीबरोबर मी रानात जाते तेव्हा तिचा पहिला नियम असा: "बाय, छत्री काय बघतस, मूळ बघ. मूळ रोयणीत जाता काय नाय ता बघ." ती अळंबी वरून उपटत नाही. बोटांनी माती मोकळी करत खाली जाते. देठ जमिनीखाली मुळासारखा निमुळता होत जातो, वीतभर, कधी हातभर. तो वारुळाच्या दिशेने वळलेला दिसला की तिची खात्री पटते. दुसरी खूण टोपीच्या मधोमध. तिथे एक टणक टोक असते, माती भेदून वर यायला ते लागते. तिसरे, बुडाशी पिशवी नाही ना हे ती पाहते. अमानिताच्या बुडाशी पेल्यासारखे वेष्टन असते, आणि जो वरच्यावर खुडतो त्याला ते दिसतच नाही, मातीत राहून जाते.

हे वाचून कुणी टोपली घेऊन रानात निघू नये, म्हणून लगेच सांगते. मुळासारखा देठ असलेल्या दुसऱ्या जातीही आहेत. वारुळाच्याच अळंबीची एक बारीक जात आहे, तिला असे मूळ नसते, कारण वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या तुकड्यांवर ती उगवते. भाताच्या पेंढ्यावर येणाऱ्या खाण्याच्या अळंबीला बुडाशी पिशवी असते. तेव्हा काकीच्या खुणा काकीच्या रानात, तिच्या जातीपुरत्या खऱ्या. त्या शिकायच्या त्या तिच्याबरोबर वाकून, पेपरातून नाही. माझ्या पत्रातूनही नाही.

पण मूळ रोयणीत जाते का पाहा, या तिच्या वाक्यात जेवढे जीवशास्त्र आहे तेवढे मला शाळेत एका तासात शिकवता आले नसते. त्याबद्दल थोडे लिहिते, कारण आपल्या लेखात अळंबीला दोनदा वनस्पती म्हटले आहे.

मी बी.एस्सी.ला होते तेव्हा कवके, म्हणजे अळंबी आणि बुरशी यांचा वर्ग, वनस्पतिशास्त्राच्याच पेपरात असत, म्हणून लेखकाला दोष देत नाही. पण अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिटाकर यांनी 1969 मध्ये सजीवांच्या पाच सृष्टींची मांडणी केली तेव्हापासून कवकांना स्वतंत्र घर मिळाले आहे. त्यांच्यात हरितद्रव्य नाही, ती स्वतःचे अन्न बनवत नाहीत. पेशीभित्ती सेल्युलोजची नसून कायटिनची, म्हणजे कुर्लीच्या कवचात असते त्या पदार्थाची. साठवण पिष्टमय नसून ग्लायकोजेनची, आपल्या यकृतात असते तशी. आणि जनुके तपासल्यावर आढळले की कवके झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. आमच्या घरी सासूबाई श्रावणात अळंबी करू देत नसत, ती सामिष म्हणून. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही लसूण-कांद्याच्या पंक्तीत कवके वर्ज्य सांगितली आहेत. सासूबाईंना जनुके माहीत नव्हती, पण अळंबी भाजीत धरायची नाही एवढे त्यांचे पक्के होते.

जमिनीवर दिसते ती छत्री म्हणजे त्या जीवाचे फक्त फळ. खरा जीव म्हणजे खाली पसरलेले बारीक तंतूंचे जाळे. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन पुरते फोडणे हे मुख्यतः काही कवकांनाच जमते. ती नसती तर पडलेली झाडे कुजायची थांबली असती आणि नव्या रोपांना माती मिळाली नसती. शिवाय बहुतेक झाडांच्या मुळांशी कवकांचे तंतू जोडलेले असतात. ते दूरच्या मातीतले स्फुरद आणून देतात आणि झाडाकडून साखर घेतात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेही एका बुरशीच्याच कृपेने. आमच्या पोफळींवर येणारा कोळेरोग मात्र, त्याला सगळे बुरशी म्हणत असले तरी, फायटॉफ्थोरा नावाच्या जीवाचा. तो खऱ्या कवकांत मोडत नाही, त्याची पेशीभित्ती सेल्युलोजची. बोर्डो मिश्रण फवारताना या भेदाने काही अडत नाही, मास्तरणीची खोड म्हणून सांगितले.

वारुळाची अळंबी, शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस, या सगळ्यात निराळी. या वंशाला हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी 1942 मध्ये दिले. ती रानात कुठेही उगवत नाही. वाळवी तिची शेती करते, आणि शेती हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. आपल्याकडची वारूळ बांधणारी वाळवी, ओडोन्टोटर्मिस ओबेसस, वाळकी पाने, काटक्या, गवत गोळा करते. कामकरी वाळवी ते खाते, आणि जुजबी पचलेला तो माल विष्ठेच्या रूपाने जमिनीखालच्या खोल्यांत रचते. त्यातून तपकिरी, अक्रोडाच्या गरासारखी सुरकुतलेली पोळी तयार होते. पाया खणताना अशी पोळी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. या पोळ्यात अळंबीचे तंतू वाढतात, वाळवीला न पचणारे लिग्निन फोडतात, आणि त्यावर खसखशीएवढे पांढरे गोळे धरतात. हे गोळे वाळवी खाते. त्यांतली बीजुके, म्हणजे अळंबीचे सूक्ष्म बियाणे, तिच्या पोटातून सुखरूप बाहेर पडून नव्या थराबरोबर पुन्हा पेरली जातात. वरून नवा थर चढतो, खालचा मुरलेला भाग खाऊन संपवला जातो. दोघांपैकी एकालाही दुसऱ्यावाचून निभावता येत नाही. हा करार आफ्रिकेत सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी झाला असे मानतात, माणसाची शेती जेमतेम 10 हजार वर्षांची.

वारुळाची बांधणीही या शेतीच्या सोयीची आहे. बाहेरच्या भिंतीला जे उभे कंगोरे दिसतात ते आतून पोकळ असतात. दिवसा उन्हाने ते तापतात, त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री उलटे होते. बंगळूरला याच जातीच्या वारुळांवर मोजमापे घेऊन हे 2015 मध्ये दाखवले गेले. पोळ्यात दुसरी कुठली बुरशी शिरली तर वाळवी ती वासाने ओळखते आणि चिखलाने गाडून टाकते. वाळवी वारूळ सोडून गेली किंवा मेली की मग त्या आगंतुक बुरशीला मोकळे रान मिळते आणि वारुळातून काळ्या बोटांसारखे कोंब वर येतात. काकी असे कोंब पाहिले की म्हणते, "ही रोयण मेली," आणि पुढच्या वर्षी तिथे फिरकत नाही.

आता त्या मुळाचा अर्थ कळेल. ते मूळ नव्हेच. खालच्या पोळ्यापासून जमिनीपर्यंत वाढत आलेला तो अळंबीचा देठ आहे. काकी तो चाचपते म्हणजे अळंबीचा घरचा पत्ता तपासून घेते. आपल्या चौकटीतल्या एकाही कसोटीत अळंबी कुठे उगवली होती, कशावर, कोणत्या मातीत, हे विचारलेलेच नाही. शिजलेल्या भाजीला तर पत्ता उरतच नाही, मग तिथे नाणे टाकून कुणाला काय कळणार?

धिंगरी जातीची अळंबी पेंढ्यावर पिशव्यांत करता येते, बचतगटाच्या बायका करतातही, बटन मशरूमचे तर कारखाने आहेत. वारुळाच्या अळंबीचे तंतू प्रयोगशाळेत वाढतात, पण बाजारात नेता येईल अशी तिची शेती अजून माणसाला साधलेली नाही. म्हणजे पानात बांधून येणारी प्रत्येक अळंबी कुठल्या तरी जिवंत वारुळातून आलेली असते. गोवा विद्यापीठातले डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंबीवर अनेक वर्षे काम केले आहे आणि तिच्या बेसुमार काढणीविरुद्ध ते सातत्याने सांगत आले आहेत. आमच्या तालुक्यात ते कानावर घेतले जावे असे मला फार वाटते.

याचे कारण बाजाराच्या एका सवयीत आहे. गिऱ्हाइकाला कळ्या हव्या असतात, न उमललेल्या, कारण त्या कोवळ्या आणि टिकाऊ. उमललेल्या छत्रीला निम्माही भाव येत नाही. म्हणून पहाटे बॅटऱ्या घेऊन पोरे जातात आणि रोयणीवरची एकूणएक कळी काढून आणतात. पण बीजुके पडतात ती उमललेल्या छत्रीच्या पडद्यांतून. पावसाच्या सुरुवातीला वाळवीचे पंखवाले राजा-राणी उडून नवे घर मांडतात, आणि या वाळवीच्या बहुतेक जातींत ते आईच्या घरून बियाणे घेऊन निघत नाहीत. त्यांची पहिली कामकरी पिल्ले पुढे बाहेर पडतात तेव्हा रानात पडलेली अळंबीची बीजुके त्यांना उचलून आणावी लागतात. नेमक्या त्याच सुमारास जुन्या वारुळांवर छत्र्या उमलायच्या असतात. सगळ्या कळ्या पिशवीत गेल्या तर नव्या संसाराला बियाणे कुठून मिळणार? काकीच्या पिढीच्या बायका प्रत्येक रोयणीवर काही छत्र्या ठेवून येत. कारण विचारले तर "देवीच्या" म्हणत. आमच्याकडे सातेरीच्या देवळात वारूळच देवी म्हणून पुजतात, त्यामुळे यात वावगे कुणालाच वाटत नसे. हल्ली रस्त्याला उभ्या असलेल्या गाड्या पाहून देवीचा वाटाही विकला जातो.

त्याहून मोठा घाला यंत्राचा. काजू, रबर, अननसासाठी डोंगरउतार साफ करताना जेसीबीवाल्याला वारूळ हा फक्त एक उंचवटा दिसतो. वाळवी नव्या कलमांची साल खाते, घराचे वासे पोखरते, हे मी नाकारत नाही, आमच्याही कलमांचे नुकसान झाले आहे. पण रानातली वारुळे शोधून त्यांत औषध ओतणे हा त्यावरचा इलाज नव्हे. कलमाच्या बुंध्याला गेरू-चुना लावता येतो, वाळकी साल आणि मातीचे पापुद्रे वेळेवर काढून टाकता येतात. मोठी रोयण एकदा सपाट केली की तिथली अळंबी संपली. जिथे देवराई टिकली आहे तिथेच आज थोराड वारुळे दिसतात.

आता मागणे. पहिले आपल्याकडे. त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापावे की विषारी अळंबी ओळखण्याची कोणतीही घरगुती कसोटी नाही. आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा नको, तो कुणी वाचत नाही. चौकटीचे कात्रण मात्र लोक मोबाइलवर फिरवत आहेत, मला स्वतःला ते दोन गटांतून आले. पुढच्या वर्षी रानभाज्यांचे पान करताना अळंबीचा मजकूर छापण्याआधी जाणकाराला दाखवावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह आहे, आजरेकरांच्या नावाचे कवकांचे संग्रहालय आहे. दापोलीचे कृषी विद्यापीठ आहे. विचारायला माणसे आहेत.

दुसरे आमच्या ग्रामपंचायतींकडे. जैवविविधता कायदा 2002 चा. त्याखाली गावोगावी समित्या झाल्या, लोकजैवविविधता नोंदवह्या लिहिल्या गेल्या. आमच्या नोंदवहीत अळंबी 'रानभाज्या' या सदरात एका शब्दात उरकली आहे. तिथे कुठल्या रानात कोणत्या रोयणी जिवंत आहेत, कोणत्या महिन्यात फुटतात, काढणारे कोण, हे लिहायला हवे, आणि ते लिहिताना काकीसारख्या बायकांना सभेच्या मागच्या रांगेत न बसवता टेबलाशी बसवायला हवे. ग्रामसभेने ठराव करून प्रत्येक रोयणीवर निदान चौथा हिस्सा छत्र्या उमलू द्याव्यात असे ठरवले तर विकणाऱ्यांचेही नुकसान नाही, कारण पुढच्या वर्षी तीच रोयण त्यांना पुन्हा देणार आहे.

शाळांना एक सुचवते. उमललेली टोपी अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाकावी. सकाळी कागदावर बीजुकांचा ठसा उमटतो, वारुळाच्या अळंबीचा गुलाबीसर, मैदानावरच्या त्या पांढऱ्या टोपीचा चक्क हिरवा. खर्च शून्य. नंतर हात साबणाने धुवावेत. हा प्रयोग ओळख शिकण्यासाठी आहे, खाण्याचा परवाना म्हणून नाही. पांढरा ठसा खाण्याच्या अळंबीचाही असतो आणि जीवघेण्या अमानिताचाही.

आणि आषाढी अमावास्येच्या बेतात असलेल्या मंडळींसाठी जाता जाता: शाईसारखी विरघळून काळी होणारी एक अळंबी आहे, एरवी ती बाधत नाही, पण तिच्याबरोबर किंवा नंतरच्या एक-दोन दिवसांत दारू घेतली की चेहरा लाल, छातीत धडधड आणि उलट्या. त्याला नाणे काय करणार!

पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागा अपुरी असेल तर मनुस्मृती कापा, बंगळूरची हवा कापा, हा दारूचा परिच्छेदही खुशाल कापा. सहा तासांचा आणि रुग्णालयाचा मजकूर मात्र शब्दशः छापावा.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग